आत्ता कोणती डिस्क चालू आहे?

"मी त मंगळवारीच भरले न बाप्पा," आजी म्हणाल्या आणि त्यांनी पासबुक काउंटरवर उघडून ठेवलं. पासबुकात मंगळवारची नोंद होती, खाली शिक्का होता, सही होती. काउंटरवरच्या ताईंनी पडद्यावर खातं उघडलं, तर तिथे मंगळवारची नोंद नव्हती. सोमवारचीही नव्हती. ताईंनी दुसरं खातं पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळी खाती एकोणीस दिवसांपूर्वी थांबलेली. मग मला फोन आला, "दादा, लवकर या. कोणीतरी सगळ्या नोंदी पुसल्या."

नोंदी कोणी पुसल्या नव्हत्या. त्या पतसंस्थेच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. एक रोजची, आणि दुसरी तिच्यावरूनच उतरवलेली हुबेहूब प्रत. ती प्रत मीच एकोणीस दिवसांपूर्वी, एका रविवारी काढली होती. काम झाल्यावर ती बाहेर काढून कपाटात ठेवायला हवी होती. 'हाताशी राहील' असं म्हणून मी ती आतच, केबल लावलेली ठेवली. एकोणीस दिवस सर्व्हर बंदच झाला नाही, त्यामुळे काही बिनसलंही नाही. आदल्या रात्री वीज गेली, इन्व्हर्टरची बॅटरी पहाटे उतरली, आणि सकाळी सर्व्हर पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याने रोजची डिस्क सोडून प्रत उचलली. दोघींवर ओळखीचा क्रमांक एकच होता. त्या क्रमांकाची डिस्क शोध, असं त्याला सांगून ठेवलेलं होतं. त्याने शोधली.

खरा घोळ पुढेच होता. फोन येईपर्यंत सकाळच्या अकरा पावत्या त्या जुन्या प्रतीवर चढल्या होत्या. म्हणजे एकाच संस्थेचे दोन हिशेब तयार झाले. एकात ते एकोणीस दिवस होते पण आजची सकाळ नव्हती. दुसऱ्यात आजची सकाळ होती पण एकोणीस दिवस नव्हते. आम्ही सर्व्हर बंद केला, प्रत बाहेर काढली, रोजच्या डिस्कवर तो सुरू केला, आणि ताईंनी एकेक पावती मोठ्याने वाचत अकराच्या अकरा नोंदी पुन्हा भरल्या. दुपारचे साडेतीन वाजले. आजी तोवर बाकावर बसून होत्या. त्यांना त्यांची मंगळवारची रक्कम पडद्यावर दाखवली तेव्हा त्या उठल्या.

ही पुस्तिका त्या दुपारी सुरू झाली.

ही पतसंस्था सुलतानपूरची. सुलतानपूर हे लोणार तालुक्यातलं, मेहकर-लोणार रस्त्यावरचं गाव. लोणारचं सरोवर बघायला निघालेल्या गाड्या इथे चहाला थांबतात आणि पुढे जातात. सर्व्हर या शब्दाबरोबर लोकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं, थंडगार खोली, काचेची दारं, रांगेने लुकलुकणारे दिवे, ते इथे कुठेच नाही. इथला सर्व्हर म्हणजे पतसंस्थेच्या मागच्या खोलीत टेबलाखाली ठेवलेला एक डबा. शाळेच्या संगणक कक्षात, अडत दुकानात, जिनिंगच्या काटाघरात, दवाखान्याच्या नोंदणीत असेच डबे आहेत. त्यांच्यावर माणसांचे पैसे, मुलांचे दाखले, तुरीचं आणि सोयाबीनचं वजन अवलंबून आहे. आणि ते सांभाळणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा तीच असते जी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढते आणि पंख्याचा रेग्युलेटरही बघते. तिच्यासाठी मराठीत लिहिलेलं काही मला सापडलं नाही. इंग्रजीत जे आहे ते गृहीत धरतं की वीज कधी जात नाही आणि शेजारच्या टेबलावर विचारायला कोणी तरी आहे. आमच्याकडे दोन्ही नाही, म्हणून हा खटाटोप.

विषय छोटा आहे. सर्व्हर ज्या डिस्कवरून सुरू होतो त्या डिस्कची प्रत काढणं, ती जपणं, वेळ आली की तिच्यावर जाणं आणि तिथून परत येणं. प्रत काढण्याचा भाग पुस्तिकेत सगळ्यात लहान आहे, कारण तो खरंच सोपा आहे. कठीण आहे ते प्रत निघाल्यानंतर दोन सारख्या वस्तूंमधली ओळख टिकवणं. माझी चूक प्रत काढण्यात झाली नव्हती. प्रत उत्तम निघाली होती. इतकी उत्तम, की सर्व्हरलाच फरक कळेना.

या कामाला सगळे 'क्लोन' म्हणतात, आणि हा शब्द मुळात आपल्या ओळखीचा आहे. हर्बर्ट वेबर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये तो बागायतीसाठी वापरात आणला. ग्रीक भाषेतल्या डहाळी या अर्थाच्या शब्दावरून त्याने तो घेतला. म्हणजे क्लोन म्हणजे आपलं कलम. वऱ्हाडात संत्र्याची बाग लावणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. जंबेरीचा खुंट घेतात, चांगल्या झाडाचा डोळा त्यावर भरतात, आणि जे झाड उभं राहतं त्याचं फळ मातृवृक्षासारखंच असतं. बियाण्यातून आलेल्या रोपाचा भरवसा नसतो, डोळ्याचा असतो.

डिस्कच्या कलमाबाबत दोन गोष्टी मला बागेनेच समजावल्या. पहिली म्हणजे डोळ्याबरोबर रोगही येतो. संत्र्याचे ग्रीनिंग आणि ट्रिस्टेझा हे रोग डोळाकाडीतून पुढे जातात, म्हणून मातृवृक्ष निरोगी असल्याची खात्री करून मगच काडी घेतात. डिस्कमध्ये आधीच व्हायरस शिरला असेल, फाइल खराब झाली असेल, कुणी चोरवाट करून ठेवली असेल, तर ते सगळं प्रतीत जसंच्या तसं उतरतं. प्रत काढायची ती सर्व्हर धडधाकट असताना. बिघडल्यावर घाईघाईने काढलेली प्रत ही बिघाडाची प्रत असते. (तीही कधी कधी हवी असते, तपासासाठी. पण तिच्यावर तसं लिहिलेलं पाहिजे.)

दुसरी गोष्ट खुंटाची. डोळा तोच असला तरी खुंट बदलला की तो धरेलच असं नाही. डिस्क म्हणजे डोळा आणि यंत्र म्हणजे खुंट. काही लिनक्स प्रणाली सुरुवातीच्या टप्प्यासाठी एक छोटी गाठोडी बांधून ठेवतात आणि तीत फक्त त्याच यंत्राला लागणारे ड्रायव्हर भरतात. ती डिस्क नेऊन वेगळ्या बनावटीच्या यंत्रात बसवली की गाठोडीत त्या यंत्राच्या डिस्क-नियंत्रकाची किल्लीच नसते, आणि सुरू होता होता सगळं मधेच थांबतं. जुना सर्व्हर जळाला तर नवा आणून त्यात प्रत बसवू, असं म्हणणाऱ्याने हे एकदा तरी आधी करून बघितलेलं असावं.

आता सर्व्हर सुरू होतो म्हणजे काय होतं ते पाहू, कारण घोळ तिथेच होतो. बटण दाबलं की मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला फक्त एवढंच ठरवायचं असतं की पुढचा प्रोग्राम कुठून उचलायचा. तो बूटलोडर उचलतो. बूटलोडरला ठरवायचं असतं की प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, कुठे आहे. कर्नल उठला की त्याला ठरवायचं असतं की मूळ फाइल-व्यवस्था कोणत्या विभाजनावर आहे, आणि मग बाकीचे विभाग कुठून जोडायचे. चार वेळा 'कुठे?' हा प्रश्न येतो, आणि चारही वेळा कुठे तरी लिहून ठेवलेला पत्ता वाचला जातो.

पूर्वी हा पत्ता जागेवरून सांगत. पहिली डिस्क, दुसरी डिस्क. लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी. पण ही नावं डिस्क कोणत्या क्रमाने सापडली त्यावर ठरतात. एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिला तरी क्रम बदलू शकतो. म्हणून पुढे प्रत्येक फाइल-व्यवस्थेला स्वतःचा क्रमांक देण्याची पद्धत आली, यूयूआयडी. १२८ बिटांचा, लिहून काढला तर मधल्या आडव्या रेघांसह ३६ चिन्हांचा. जगात दुसऱ्या कशालाही हाच क्रमांक योगायोगाने मिळणार नाही इतका मोठा. ग्रब या बूटलोडरच्या मांडणीत हा क्रमांक असतो, एफस्टॅब या फाइलमध्ये हाच असतो. डिस्क कोणत्याही केबलला लावा, सर्व्हर तिला क्रमांकावरून ओळखतो. फार चांगली सोय आहे. फक्त तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे की तो क्रमांक एकाच जागी असेल. आणि डिस्कची बिट-बिट प्रत काढताना आपण नेमकं हेच मोडतो. क्रमांकही डिस्कवरच लिहिलेला असतो, तोही उतरतो.

मग दोन सारखे क्रमांक समोर आले की प्रणाली काय करते? प्रत्येकीचं वागणं वेगळं आहे, आणि मला वाटतं या पुस्तिकेतलं सगळ्यात उपयोगाचं प्रकरण हेच ठरेल. विंडोज दुसऱ्या डिस्कला सरळ बाजूला बसवते, तिला 'ऑफलाइन' म्हणते आणि दोन्ही डिस्कांच्या सह्या, म्हणजे त्यांच्यावरचे ओळखक्रमांक, जुळतात म्हणून असं केलं असं सांगते. इथे अनेकजण डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला ऑनलाइन करतात. त्या क्षणी विंडोज तिच्यावर नवी सही लिहिते. डिस्क दिसू लागते, फाइली उघडतात, सगळं छान वाटतं. पण प्रतीच्या आत तिची स्वतःची बूटची मांडणी जुन्या सहीकडे बोट दाखवत असते. महिन्याभराने खरी गरज पडते, प्रत एकटी लावून सर्व्हर सुरू करायला जातो, आणि निळा पडदा येतो. ते दुरुस्त करता येतं, पण रात्री अकरा वाजता, दुसऱ्या दिवशी संस्था उघडायची असताना, ते कुणाला पहिल्यांदा करावं लागू नये.

लिनक्समध्ये एक्सएफएस ही फाइल-व्यवस्था दुसरी तशीच प्रत जोडायला साफ नकार देते. डिस्कवरचे विभाग सांभाळणारं एलव्हीएम तक्रार करतं की हाच क्रमांक दोन ठिकाणी दिसतोय. क्लोनला नवी ओळख देऊन आत घ्यायची वेगळी आज्ञा त्यात आहे. बीटीआरएफएस असेल तर दोन्ही प्रती एकाच वेळी यंत्राला दिसूच देऊ नका, माहिती खराब होण्याचा खरा धोका आहे. ईएक्सटी४ काही विचारत नाही. जी प्रत हाती लागेल ती घेते. पतसंस्थेचा सर्व्हर ईएक्सटी४ वर होता.

नकार देणारी प्रणाली वैताग आणते. काम अडतं, लोक खोळंबतात. तरीही माझं मत ठाम आहे की मुकाट्याने अंदाज बांधणाऱ्या प्रणालीपेक्षा अडून बसणारी प्रणाली शंभर पटीने बरी. अडली तर आपल्याला कळतं. अंदाज चुकला तर आजींना कळतं.

मोठ्या यंत्रांत या गोष्टीचा विचार आधीपासून झालेला आहे, आणि तो बघण्यासारखा आहे. आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीत बूट डिस्कची प्रत काढायची आज्ञा प्रणालीचाच भाग आहे. चालू डिस्कच्या गटाला रूटव्हीजी म्हणतात. प्रत निघाली की तिचा गट आपोआप वेगळ्या नावाने, ऑल्टइन्स्ट-रूटव्हीजी म्हणून, नोंदला जातो. म्हणजे कलम झालं त्याच क्षणी त्याच्या गळ्यात वेगळी पाटी. त्या प्रतीवरून यंत्र सुरू केलं की ती रूटव्हीजी होते आणि आधीची ओल्ड-रूटव्हीजी. कोण चालू आणि कोण मागे पडलेलं हे नावातच वाचता येतं. पण इथेही एक खाच आहे. प्रत काढली की ही आज्ञा पुढच्या वेळी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं तेही बदलून ठेवते, तसं नको असेल तर वेगळं सांगावं लागतं. नुसती सुरक्षेसाठी प्रत काढली, सांगायचं राहिलं, आणि पुढे कधीतरी यंत्र पुन्हा सुरू झालं की ते जुन्या प्रतीवर उठतं. माझ्या पतसंस्थेची गोष्ट, फक्त शंभर पट महाग यंत्रावर.

आपल्याकडे हे काम पहिल्यांदा लोकांच्या हाती आलं ते 'घोस्ट मारणे' या नावाने. न्यूझीलंडमध्ये तयार झालेला घोस्ट हा प्रोग्राम सिमँटेक कंपनीने १९९८ मध्ये घेतला, आणि त्यानंतर तो गावोगावच्या संगणक कक्षांत पोहोचला. एक संगणक नीट तयार करायचा आणि बाकीच्या वीस यंत्रांवर त्याचा घोस्ट मारायचा. वीसही यंत्रांचं नाव एकच, मग नेटवर्कवर 'हे नाव आधीच वापरात आहे' असा ओरडा सुरू. तेव्हा आम्ही एकेकाचं नाव हाताने बदलत बसायचो. आज तोच प्रश्न जास्त खोलवर गेला आहे. लिनक्स सर्व्हरच्या प्रतीत यंत्राचा ओळखक्रमांक, दुरून जोडणी करताना लागणाऱ्या किल्ल्या, ठरलेला आयपी पत्ता हे सगळं येतं. प्रत तपासायला दुसऱ्या यंत्रात लावली आणि नेटवर्कची केबल काढायची राहिली, तर एका पत्त्यावर दोन सर्व्हर उभे राहतात आणि काउंटरवरच्या पावत्या कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे जाऊ शकतात. तपासणीच्या यंत्राला नेटवर्कची केबल लावायची नाही, हे मी भिंतीवर लिहून ठेवलं आहे.

प्रत उतरवायची साधनं आज फुकट आणि चांगली आहेत. तैवानमध्ये तयार झालेलं क्लोनझिला मी वापरतो. ते फक्त भरलेला भाग उचलतं, म्हणून वेळ वाचतो. आणि लिनक्समधली डीडी ही आज्ञा आहेच. डीडीला दोनच गोष्टी सांगायच्या, आयएफ म्हणजे कुठून आणि ओएफ म्हणजे कुठे. या दोघांत एका अक्षराची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि डीडी मधे एकदाही विचारत नाही. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. एंटर दाबण्याआधी दोन्ही डिस्कांचे अनुक्रमांक पडद्यावर काढायचे आणि डिस्कच्या अंगावर छापलेल्या क्रमांकाशी जुळवून मोठ्याने म्हणायचे. शेजारी दुसरं माणूस असेल तर त्याने ऐकायचं. नसेल तरी म्हणायचं. डोळे जे बघायची सवय झालेली असते तेच बघतात, जीभ मात्र प्रत्येक अंकावर थांबते.

लोक मला विचारतात, दोन डिस्कांवर एकदमच लिहिणारी व्यवस्था, म्हणजे रेड, असताना ही प्रत कशाला? रेड हवंच. एक डिस्क मेली तर दुसरीवर काम चालू राहतं, ग्राहकाला कळतही नाही. पण रेडमधल्या दोन डिस्क एकमेकींचा आरसा असतात. चुकून फाइल पुसली तर दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. व्हायरसने कुलूप लावलं तर दोन्हींना लागतं. खराब अद्यतन आलं तर दोन्हींवर येतं. १९ जुलै २०२४ च्या सकाळी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल आपल्या वेळेनुसार ९ वाजून ३९ मिनिटांनी सुटली. सुमारे सव्वा तासाने ती मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरची ८५ लाख विंडोज यंत्रं सुरूच होईनाशी झाली होती. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या यंत्रांतल्या डिस्क शाबूत होत्या, आरसेही शाबूत होते. बहुतेक ठिकाणी माणसाला प्रत्येक यंत्रासमोर जाऊन उभं राहावं लागलं. अशा वेळी हवी असते ती कालची डिस्क, जिला आजचं काहीच माहीत नाही.

अशीच एक मोठी घटना सात वर्षं आधी आपल्याच राज्यात येऊन पोहोचली होती. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्यतनातून नॉटपेट्या हा व्हायरस सुटला. तो डिस्कच्या सुरुवातीलाच हात घालायचा, जिथून यंत्र उठतं त्या जागेलाच. मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक जगभर काळे पडले, आणि मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं, त्याच समूहाचं गेटवे टर्मिनल्स इंडियाही त्यात सापडलं. कंटेनर कुठला, कुणाचा, कुठे जायचा हे सांगणारी यंत्रणाच बसली. विदर्भातल्या मालाचाही परदेशी जायचा रस्ता त्या बंदरातून जातो, म्हणून ही बातमी मला दूरची वाटली नाही.

मेर्स्ककडे कोण माणूस, त्याला कशाची परवानगी, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते, डोमेन कंट्रोलर. ते सगळे एकमेकांच्या प्रती होते आणि सतत एकमेकांशी जुळवून घेत असत. एक गेला तर उरलेल्यांवरून तो उभा करायचा, अशी योजना होती. सगळे एकाच वेळी जातील असं कुणी धरलं नव्हतं, आणि ते सगळे एकाच वेळी गेले. एक सोडून. घानामधल्या कार्यालयात त्या वेळी वीज गेलेली होती. तिथला सर्व्हर नेटवर्कपासून तुटलेला होता, म्हणून हल्ला त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. तिथली इंटरनेटची जोडणी इतकी बारीक होती की एवढी माहिती ब्रिटनला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानाच्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी तिथला माणूस ती डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. मेर्स्कने पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे केल्याचं त्यांच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं.

भारनियमनात वाढलेल्या आमच्या पिढीला वीज जाणं ही फक्त अडचण म्हणून माहीत आहे. घानातल्या त्या सर्व्हरचा विचार करताना मला प्रत्येक वेळी आमची मागची खोली आठवते. दीडशेपैकी जो एक वाचला तो तुटलेला होता म्हणून वाचला. डब्यात केबल लावून ठेवलेली माझी प्रत तुटलेली नव्हती. ती चुकीच्या वेळी जागी झाली, आणि व्हायरस आला असता तर तीही गेली असती. कपाटात ठेवली असती तर दोन्हीतून वाचली असती.

प्रतींची गोष्ट निघाली की मला लोणारचीच आठवण होते. चक्रधरस्वामींच्या लोणारच्या मुक्कामाच्या आठवणी लीळाचरित्रात आहेत, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या ग्रंथात. महानुभाव परंपरा सांगते की मूळ पोथी धामधुमीत लुटली गेली आणि मग ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांच्याकडून ऐकून ग्रंथ पुन्हा उभा केला. म्हणूनच त्याचे वेगवेगळे पाठ आज अभ्यासकांपुढे आहेत. ज्ञानेश्वरीच्या प्रती पिढ्यानपिढ्या उतरत गेल्या, त्यांत भेद शिरले, आणि एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, बसून शुद्ध प्रत सिद्ध केली. दोन प्रती एकदा वेगळ्या झाल्या की त्या पुन्हा एक करायला एकनाथांसारखा माणूस लागतो. त्या दुपारी आमच्याकडे फक्त अकरा पावत्यांचा पाठभेद होता, आणि पावत्या कागदावर होत्या. दोन दिवस कुणाला कळलं नसतं तर काय झालं असतं, ते मी मोजलेलं नाही.

पुस्तिकेत पुढे काय आहे ते थोडक्यात सांगतो. प्रत काढण्याआधी काम थांबवायचं, सगळ्यांना बाहेर पडायला सांगायचं, डेटाबेस बंद करायचा. चालत्या गाडीचं चाक बदलल्यासारखी प्रत काढू नये. जमेल तिथे प्रणाली एका डिस्कवर आणि हिशेब दुसऱ्या डिस्कवर ठेवायचा, म्हणजे बूट डिस्क बदलली तरी माणसांचे पैसे जागचे हलत नाहीत. पतसंस्थेत हे आधी केलं असतं तर ही प्रस्तावना वेगळ्या गोष्टीने सुरू झाली असती. मोठ्या डिस्कवर प्रत उतरवली तर विभाजनाच्या तक्त्याची दुसरी नक्कल डिस्कच्या शेवटी सरकवावी लागते, ती कशी ते चौथ्या प्रकरणात आहे.

प्रत चालवून बघितल्याशिवाय तिला प्रत म्हणायचं नाही, हा नियम मी कुणासाठीही सैल करत नाही. रोजची डिस्क काढायची, प्रत एकटी लावायची, नेटवर्कची केबल काढलेली आहे हे बघायचं, सर्व्हर सुरू करायचा, लॉगिनपर्यंत यायचं. यात पंधरा-वीस मिनिटं जातात. ती न घालवता कपाटात ठेवलेल्या डिस्क मी पुष्कळ बघितल्या आहेत, आणि त्यांतल्या काही कधीच उठणार नव्हत्या.

प्रतीवर जायची वेळ आलीच, तर बिघडलेली डिस्क लगेच पुसून टाकू नका. काय झालं होतं याच्या नोंदी तिच्यावरच आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले सहा तासांत कळवायचे असतात आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. आणि जुन्या प्रती भंगारात देऊ नका. डिस्कची प्रत म्हणजे संस्थेच्या प्रत्येक सभासदाचं नाव, पत्ता, आधार, शिल्लक. पासवर्डसुद्धा. ती टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहणं हे तिजोरीची किल्ली पडून राहण्यासारखं आहे.

हे शेवटचं वाक्य माझं नाही, ताईंचं आहे. त्या दुपारनंतर आठवड्याभराने मी नवी प्रत काढून नेली आणि ती कुठे ठेवायची असं विचारलं. त्यांनी थेट तिजोरी उघडली. आत सोनेतारणाची पाकिटं ओळीने लावलेली होती. प्रत्येक पाकिटाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर क्रमांक, तारीख, वजन आणि दोन सह्या. "याला पण अशीच चिठ्ठी लावा ना," त्या म्हणाल्या. मग आम्ही डिस्क एका पाकिटात घातली आणि तशीच चिठ्ठी बांधली. डिस्कच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक. कोणत्या डिस्कवरून काढली. कोणत्या तारखेला काढली. कोणत्या तारखेला चालवून पाहिली. माझी सही, त्यांची सही.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिथे जातो. नवी प्रत काढतो, चालवून बघतो, जुनी चिठ्ठी फाडून नवी बांधतो. निघण्याआधी ताई सर्व्हरसमोर बसतात आणि मी शिकवलेली एक ओळ टाइप करतात. पडद्यावर चालू डिस्कचा अनुक्रमांक येतो. त्या तो एकेक अंक मोठ्याने वाचतात, मी वहीतला क्रमांक बघत जातो, आणि जुळला की त्या तिजोरीचं दार लावतात.